मदरबोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

२०२१ सालचा जुलै महिना. बाहेर पाऊस, आणि पावसापेक्षाही करोनाला भिऊन माणसं घरात बसलेली. संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बघतो तर शेजारच्या इमारतीतली मुलगी उभी. तोंडाला मास्क, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरलेला. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज बंद होतं, वर्ग, परीक्षा, प्रोजेक्ट सगळं त्या एका यंत्रावर चाललेलं.

"काका, दुकानात दाखवला. मदरबोर्ड गेलाय म्हणाले. नऊ हजार सांगितले."

तिचे वडील रिक्षा चालवतात. त्या दीड वर्षात रिक्षा किती चालली असेल ते तुम्हीच ओळखा. लॅपटॉपही नवा नव्हता, २०१२ सालचं मॉडेल, कुणाचा तरी वापरलेला, चौदा हजारांना घेतलेला. चौदा हजारांच्या वस्तूला नऊ हजार दुरुस्तीचे. आणि प्रोजेक्टचा अहवाल द्यायला दहा दिवस उरलेले.

मी तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळेत तीस वर्षं मुलांना सोल्डरिंग शिकवलं. त्यामुळे सोसायटीत कुणाचा मिक्सर बंद पडला, तरी लोक माझ्याकडे येतात. मिक्सरचं मला फारसं कळत नाही, ही गोष्ट वेगळी. पण तीस वर्षांत एक सवय लागली. यंत्र उघडण्याआधी यंत्राच्या मालकाला बोलतं करायचं. मी तिला एवढंच विचारलं, "पूर्ण बंद पडण्याआधी, म्हणजे महिना-दोन महिने, काय काय होत होतं?"

ती म्हणाली, "चार्जरची पिन जरा वर उचलून धरली की लाइट लागायचा. मी खाली वही ठेवायचे. मग दोन वह्या ठेवायला लागले. परवापासून कशानंच लागेना."

मंडळी, निम्मं निदान इथेच झालं. वही ठेवून मदरबोर्ड बरा होत नाही. वही ठेवून जे बरं होतं ते कुठेतरी ढिलं झालेलं असतं. आणि लॅपटॉपमध्ये रोज हात लागून, रोज ओढाताण होऊन ढिली होणारी जागा म्हणजे चार्जरची पिन जिथे घुसते ती. तिला पॉवर जॅक म्हणतात. आज त्या सुपारीएवढ्या वस्तूबद्दलच बोलायचं आहे.

चार्जर भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि तिची साधारण १९ व्होल्टची एकदिश वीज करून देतो. काही कंपन्यांचे १९.५ व्होल्टचे, काहींचे २० व्होल्टचे. नेहमीच्या वापरातल्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा ६५ वॅटचा असतो. १९ व्होल्टला ६५ वॅट म्हणजे जवळजवळ साडेतीन अँपिअर. घरातला नऊ वॅटचा एलईडी दिवा भिंतीतून अँपिअरचा दहावा भागही धड घेत नाही म्हणा ना, चार-पाच शतांशच घेतो. त्या मानाने साडेतीन अँपिअर हा मोठाच प्रवाह, आणि तो सगळा दोन-चार मिलिमीटरच्या धातूच्या पट्टीतून आत जातो. गोल पिनेच्या बाहेरची नळी ती ऋण बाजू आणि आतली धन. चार्जरच्या लेबलावर दोन गोलांचं एक छोटं चित्र असतं, तेच हे सांगत असतं. आपण ते कधी वाचत नाही.

आता हा जॅक मदरबोर्डला धरलेला कशाने असतो? पुष्कळ जुन्या मॉडेलांत फक्त सोल्डरने. सोनार दागिन्याला डाख देतो ना, तसाच हा डाख. जॅकचे चार-पाच पाय बोर्डाच्या भोकांतून खाली उतरवलेले आणि खालून कथलाच्या मिश्रधातूने जोडलेले. वीज वाहून नेण्याचं काम तो डाख उत्तम करतो. पण आपण त्याच्याकडून दुसरंही काम करून घेतो, ते म्हणजे वजन आणि झटके पेलण्याचं. त्यासाठी तो केलेलाच नसतो.

जमिनीत रुतलेला दगड पहारीने उचकटताना काय करतात ते आठवा. पहारीचं टोक दगडाखाली जेमतेम चार बोटं, आणि हातातला दांडा चार हात लांब. चार्जरची पिन तशीच पहार आहे. सरळ पिनेचा बाहेरचा भाग दोन-तीन सेंटिमीटर, आत जॅकचे पाय काही मिलिमीटरचे. तुम्ही गादीवर लॅपटॉप घेऊन बसता, पिन गादीत दाबली जाते. कुणाचा पाय वायरमध्ये अडकतो. चार्जर लावलेला असतानाच लॅपटॉप उचलून या खोलीतून त्या खोलीत नेला जातो. बाहेर दिलेला थोडासा जोर आत कितीतरी पटीने डाखावर पडतो. एका दिवसात काही होत नाही. तार सारखी पुढेमागे वाकवली की कधीतरी तुटते, तसंच इथे. पायाभोवती डाखाला केसाएवढी गोल भेग पडते.

आणि भेग पडली की दुसरं दुष्टचक्र सुरू होतं. जोड चांगला असतो तेव्हा त्याचा विरोध जवळपास शून्य असतो. तो भेगेमुळे अर्धा ओहम झाला असं धरा. साडेतीन अँपिअरचा वर्ग सव्वाबारा, गुणिले अर्धा, म्हणजे सहा वॅट. आकडा लहान वाटेल. पण आमच्या कार्यशाळेत मुलांना हातात द्यायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असायचं. त्याच्या पाव भागाएवढी उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, तीही प्लॅस्टिकच्या कुशीत. म्हणून पिन लावायच्या जागी हात भाजण्याइतकं गरम लागतं, जळका वास येतो, प्लॅस्टिक तांबूस होतं. गरम झालेला जोड आणखी ढिला होतो, आणि ढिला झाला की आणखी तापतो. वह्या ठेवून काम चालवण्यातला धोका हा आहे. वही पिनेला जागेवर धरते खरी, पण आत ठिणग्या उडत असतात.

एक गंमत सांगायला हवी. डेल आणि एचपीच्या बऱ्याच चार्जरांच्या पिनेत मधोमध सुईसारखी आणखी एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज जात नाही. त्या वाटेने लॅपटॉप चार्जरची ओळख विचारतो, तू आमचाच का आणि किती वॅटचा. ती सुई वाकली किंवा जॅकमधला तिचा पाय सुटला, तर लॅपटॉप चार्जरवर चालतो पण बॅटरी भरत नाही. पडद्यावर चार्जर ओळखू येत नाही असा इंग्रजी संदेश येतो. लोक नवी बॅटरी आणतात, नवा चार्जर आणतात, आणि दोष असतो त्या सुईच्या वाटेत.

तर निदान. जॅकवर संशय घेण्याआधी चार्जर तपासायचा, कारण तो तपासायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. शेजारणीचा, मित्राचा, पण त्याच व्होल्टचा, त्याच पिनेचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा चार्जर मिळाला तर सगळ्यात सोपं. मीटर असेल तर पिनेच्या आत लाल टोक, बाहेर काळं टोक लावून व्होल्ट बघायचे. स्वस्तातल्या मीटरवर २० ची पट्टी लावून २० व्होल्टचा चार्जर मोजायला गेलात, तर नुसता १ दिसतो आणि माणूस घाबरतो. पट्टी २०० वर करा. मीटरवर १९ दिसले म्हणजे चार्जर निर्दोष, असंही नाही. काही चार्जर रिकाम्या पोटी १९ दाखवतात आणि ओझं आलं की मान टाकतात. म्हणून दुसरा चार्जर लावून बघणं हे मीटरपेक्षाही खात्रीचं.

मग हलवून बघायचं. एका हाताने पिन जॅकमध्ये स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने पिनेपासून वीतभर अंतरातली वायर हलवायची. दिवा लुकलुकला तर वायर आतून तुटली आहे, दोष चार्जरचा. वायर स्थिर ठेवून पिन हलवल्यावर लुकलुकला तर जॅक. तिच्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरलेली होती. त्यामुळे दुकानात तो दिसला तो निव्वळ मेलेला. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. मेलेल्या यंत्राला मदरबोर्ड गेला म्हणणं सोपं असतं. दुकानदाराने लबाडी केली असेल असं मी म्हणणार नाही. एक जॅक बदलायला यंत्र पूर्ण खोलून दोन तास जातात, त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. अख्खा बोर्ड बदलला की काम उरकतं आणि हमीही देता येते. त्याच्या बाजूने त्याचा हिशेब बरोबर असेल. त्या मुलीच्या घरचा हिशेब वेगळा होता, एवढंच.

मी तिला म्हटलं, "करतो. पण आधी तुझं काम बाहेर काढून ठेवू." हार्ड डिस्क दोन स्क्रूंनी निघाली. माझ्या कॉम्प्युटरला जोडून तिचं प्रोजेक्ट आणि बाकीच्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. ती इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसली होती, ती जरा मागे टेकली.

हे आधी करण्यामागे एक कारण आहे, आणि ते माझ्या मोठेपणाचं नाही. २००९ साली माझ्या भाचीच्या लॅपटॉपचा जॅक असाच ढिला झाला होता. "मामा, तू तर हेच शिकवतोस," म्हणून तिने आणून दिला. मला वाटलं, चार पाय तर सोडवायचे. रेडिओच्या, टीव्हीच्या बोर्डांवर हजारो जोड सोडवलेला माणूस मी. नेहमीचं २५ वॅटचं आयर्न घेतलं. एक पाय काही केल्या वितळेना. मी आयर्न दाबून धरलं, पकडीने जॅकला जरा हिसका दिला, आणि जॅक निघाला. त्याच्याबरोबर बोर्डाच्या भोकाचं आतलं अस्तरही निघालं.

हे अस्तर काय असतं ते सांगतो. जुन्या रेडिओच्या बोर्डावर तांब्याची नक्षी एकाच बाजूला असायची. लॅपटॉपचा मदरबोर्ड म्हणजे अशा नक्षीचे सहा, आठ, कधी त्याहून जास्त थर एकावर एक चिकटवलेले. जॅकच्या पायाचं भोक त्या सगळ्या थरांतून आरपार जातं, आणि भोकाच्या आत तांब्याचा मुलामा असतो. तो मुलामा वरच्या, खालच्या आणि मधल्या थरांना एकमेकांशी जोडतो. पाय हिसकला की तो मुलामा उचकटून येतो आणि मधल्या थराशी असलेलं नातं तुटतं. बाहेरून काही दिसत नाही. बाहेरून कितीही सुबक डाख द्या, आतला थर कायमचा तुटलेला. मी वरून वायर टाकून बघितली, तासन् तास खटपट केली. तो बोर्ड काही उठला नाही. ज्या बोर्डाचा फक्त जॅक गेला होता, त्याचा बोर्ड मी घालवला. भाचीला लॅपटॉपचे पैसे दिले. ती नको नको म्हणत होती, पण दिले. त्या वेळी तिची हार्ड डिस्क वाचली होती ती नशिबाने.

माझी चूक नेमकी कुठे झाली, हे नंतर कळलं. जॅकचा ऋण पाय बोर्डाच्या भल्यामोठ्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेला असतो. आयर्नची उष्णता तो पत्रा ओढून घेतो. लोखंडी तव्यावर काडेपेटीची काडी धरून तवा तापेल का? तसं. वर दुसरी गोष्ट. युरोपने १ जुलै २००६ पासून विजेच्या उपकरणांतल्या शिशावर बंदी घातली आणि जगभरच्या कारखान्यांनी शिसंविरहित सोल्डर घेतलं. आपण शिकलो ते ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं हे मिश्रण १८३ अंशांना वितळतं. नवं सोल्डर वितळायला साधारण २१७ ते २२० अंश लागतात, आणि ते जरा कडकही असतं. मी जुन्या सवयीने नव्या धातूशी झगडत होतो.

तर या वेळी घाई केली नाही. चार्जर काढलेला, बॅटरी काढलेली. चालू करायचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज जाते. तिच्या मॉडेलची बॅटरी खालून सरकवून निघायची. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी आत असते. तिथे खालचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर बोर्डापासून सोडवण्याचं, दुसरं काही नंतर.

स्क्रूंची मात्र गंमत आहे. दिसायला सगळे सारखे, पण लांबी वेगवेगळी. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरचं प्लॅस्टिक फोडून बाहेर येतो, किंवा खाली बोर्डात घुसतो. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर लॅपटॉपचा आकार काढतो आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवतो. कीबोर्डच्या चपट्या पट्टीसारख्या वायरी ओढून काढायच्या नसतात. त्यांच्या टोकाला नखाएवढी कडी असते, ती उचलली की पट्टी आपोआप सुटते. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या पुष्कळ मॉडेलांची खोलण्याची चित्रमय पुस्तिका इंटरनेटवर फुकट देतात. ती आधी एकदा शांतपणे वाचावी. तिच्यातून आणखी एक मोठी गोष्ट कळते. तुमच्या मॉडेलमध्ये जॅक बोर्डावर डाखलेला आहे, की वेगळ्या आखूड वायरीच्या टोकाला बसवलेला आहे. वायरीचा असेल तर तुमचं नशीब. जुना जोड काढा, नवा खोचा, सोल्डरिंगला हातही लावायचा नाही. पुष्कळ कंपन्यांनी पुढे हाच मार्ग घेतला, कारण झटका बसला तरी तो वायर सोसते, बोर्डापर्यंत जात नाही.

तिचा जॅक डाखलेला होता. बोर्ड बाहेर काढला, भिंगाखाली धरला. धन पायाभोवती गोल भेग, अगदी चंद्राला खळं पडतं तशी. जॅकचं प्लॅस्टिक तांबूस झालेलं. खात्री करायला म्हणून चार्जर लावला आणि मीटरने बघितलं. जॅकच्या पायावर १९ व्होल्ट, आणि त्याच्या शेजारच्या तांब्याच्या पट्टीवर शून्य. म्हणजे वीज दारापर्यंत आली आहे, उंबऱ्यावर अडली आहे. मी तिला बोलावून मीटरचे दोन्ही आकडे दाखवले. "म्हणजे मदरबोर्ड?" तिने विचारलं. म्हटलं, "अजून तरी त्याने काही गुन्हा केलेला दिसत नाही." अशी मापं घेताना मीटरचं टोक घसरून दोन जागा एकमेकींना टेकवू नका. १९ व्होल्ट भलत्या ठिकाणी गेले तर मग खरोखरच बोर्ड जातो.

नुसती भेग असती, तर ताजा डाख देऊन भागलं असतं. पण आतली पट्टी तापून तिची ताकद गेली होती, पिन सैल बसत होती. तेव्हा जॅक बदलणं आलं.

आता जुना जॅक काढणं. हिसका द्यायचा नाही, हे बारा वर्षांपूर्वी शिकलो होतो. या वेळी तापमान नेमता येणारं ६० वॅटचं स्टेशन होतं. आधी प्रत्येक पायाला फ्लक्स लावून त्यावर शिशाचं ताजं सोल्डर चढवलं. ऐकायला उलटं वाटतं, जे काढायचं त्यात आणखी भर कशाला. पण जुन्यात नवं मिसळलं की मिश्रण कमी उष्णतेला वितळतं आणि उष्णता पायाच्या आतपर्यंत नीट पोचते. मग छोट्या कटरने जॅकचं प्लॅस्टिक तुकडे तुकडे करून काढलं. उरले फक्त सुटे पाय. एकेक पाय तापवायचा, चिमट्याने धरायचा, आणि तो स्वतःहून सुटायची वाट बघायची. पाय हाताला लोण्यात रुतल्यासारखा लागला तरच उचलायचा. चार पायांना मला चाळीस मिनिटं लागली. भोकांत उरलेलं सोल्डर सकरने ओढलं. एक भोक मोकळं होईना, तर तापवून त्यात दात कोरायची लाकडी काडी घातली. लाकडाला सोल्डर चिकटत नाही. अशा कामाला महागडी हत्यारं मिळतात, पण काडीने भागतं.

जुन्या जॅकचे अवशेष कागदाच्या पुडीत घेऊन दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत गेलो. त्या दिवसांत दुकानं दुपारीच बंद व्हायची, म्हणून सकाळी लवकर. पुण्यात ज्यांनी कधी रेडिओ जुळवला असेल त्यांना ही बुधवार पेठेतली गल्ली ठाऊक आहे. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड तसा पुणेकरांची ही गल्ली. काउंटरवरच्या माणसाला मी मॉडेलचा नंबर सांगू लागलो. तो म्हणाला, "नंबर राहू द्या, नमुना दाखवा." आणि त्याचं खरं होतं. पिनेचं भोक सारखं असलं, तरी पाय किती, कुठे वळलेले, जॅकची उंची किती, यात जॅकाजॅकांत फरक असतो. त्याने पुडी बघितली, एक खण उघडला, दोन जॅक बाजूला सारून तिसरा काढला. एकशे ऐंशी रुपये. मी दोन घेतले. एक जळला तर, या भीतीने.

नवा जॅक बसवताना एकच गोष्ट सांभाळायची. तो बोर्डाला पूर्ण टेकला पाहिजे. तसूभर जरी वर राहिला तरी पुढचे सगळे झटके परत डाखावरच पडणार. आधी त्याचे आधाराचे जाड पाय डाखले, मग विजेचे. डाख भोकातून वरच्या बाजूला डोकावेपर्यंत दिला. चांगला डाख चकचकीत आणि पायाच्या अंगाने उतरत गेलेला दिसतो, मण्यासारखा गोल बसलेला दिसला तर तो वरवरचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसला. शिशाचं काम आहे, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. हातातल्या चहाच्या कपाला मध्ये हात लावू नये. हे मी मुलांना तीस वर्षं सांगितलं आणि स्वतः दोनदा विसरलो आहे.

वीज देण्याआधी मीटरने धन आणि ऋण पायांमधला विरोध बघितला. तो शून्याजवळ असता, तर कुठेतरी दोन्ही टेकले आहेत असा अर्थ. तसं नव्हतं. सगळं परत जोडण्याआधी, बोर्ड टेबलावर तसाच ठेवून, बॅटरी न लावता, चार्जर खोचला. दिवा लागला. पिन हलवून बघितली, वर, खाली, दोन्ही बाजूंना. दिवा स्थिर. मग सगळे स्क्रू लग्नपत्रिकेवरून परत आपापल्या जागी. शेवटी एक स्क्रू उरला. सगळं परत खोलून बघितलं, तर तो माझ्या चष्म्याच्या डबीचा निघाला.

आता घरी हे करावं का? जॅक वायरीचा असेल, तर ज्याला स्क्रू-ड्रायव्हर नीट धरता येतो त्याने जरूर करावं. डाखलेला असेल, तर ज्याने पूर्वी पाच-पन्नास जोड सोडवले आहेत त्यानेच. आधी भंगारातल्या बोर्डावर हात बसवावा. भंगारवाल्याकडे असे बोर्ड किलोने असतात. प्लॅस्टिक वितळलेलं असेल, बोर्ड काळा पडला असेल, तर चार्जर लावूच नये आणि जाणत्या माणसाकडे न्यावं. दुकानात गेलात तर "बंद पडलाय" एवढंच सांगू नका. पिन हलवल्यावर दिवा लागायचा, कुठल्या बाजूला धरल्यावर लागायचा, हे सांगा. आणि "जॅकपर्यंत येणारे व्होल्ट बोर्डावर पोचतात का ते माझ्यासमोर मोजता का?" असं विचारा. सज्जन कारागीर चिडत नाही, तो खुशीने मोजून दाखवतो.

नव्या लॅपटॉपांत हा गोल जॅक मागे पडत चालला आहे. अ‍ॅपलने २००६ साली लोहचुंबकाने चिकटणारी पिन आणली. पाय अडकला की ती आपसूक सुटते, लॅपटॉप खाली येत नाही. जपानमधल्या विजेच्या किटल्यांना अशी पिन आधीपासून होती, तिथे उकळतं पाणी अंगावर सांडू नये म्हणून. पुढे त्यांनी २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून ती काढली, आणि २०२१ मध्ये परत आणली. बाकीच्यांचा ओढा आता मोबाइलसारख्या टाइप-सी कडे आहे. युरोपियन संघाने २०२२ मध्ये तसा कायदाच केला. मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली.

टाइप-सी मध्ये सोय मोठी आहे. चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो, यंत्राशी बोलतो, आणि मागितले तेवढेच व्होल्ट चढवतो. त्यामुळे भलताच चार्जर लावून लॅपटॉप जाळण्याची भीती कमी. पण माझ्यासारख्या माणसाची पंचाईत झाली आहे. गोल जॅकला चार-पाच जाडजूड पाय. टाइप-सी ला चोवीसपर्यंत टोकं, केसासारखी, तीही बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाखलेली. त्याला गरम हवेचं यंत्र लागतं, दुर्बिणीसारखं भिंग लागतं, आणि पासष्टीच्या पुढच्या हातांना नसतो तो स्थिरपणा लागतो. लहान बोर्डावर वेगळं बसवलेलं टाइप-सी असेल तर तो छोटा बोर्डच बदलावा. मुख्य बोर्डावर असेल तर मी आता हात जोडतो आणि तापकीर गल्लीतल्या एका तरुण मुलाचा पत्ता देतो.

त्या मुलीने अहवाल वेळेत दिला. नंतर एकदा तिचे वडील आले, "किती झाले?" विचारायला. एकशे ऐंशी घेतले. दुसऱ्या जॅकचे त्यांनी विचारले नाहीत, मीही सांगितलं नाही. तो माझ्या खणात आहे, अजून कोरा. मुलीला मात्र एकच बजावलं होतं की लॅपटॉप उचलताना आधी पिन काढायची. परवा जिन्यात भेटली, खांद्याला ऑफिसची बॅग. मी विचारण्याआधीच म्हणाली, "काढते काका, आधी पिन काढते."